वितळणबिंदू

रात्रीचे साडेनऊ. विद्यापीठाच्या माळावर वारं,
मुबीना चहा शोधायला गेलीय.
मी दोन कुप्या तापवत बसलेय,
मिनिटाला एक अंश.

बासष्टला पहिलीची रेघ उठली.
अॅडेनिन-थायमिनच जास्त त्यात,
जोडीला दोनच हायड्रोजन बंध;
फार ओढाताण न करता सुटले.
दुसरीत ग्वानिन-सायटोसिन, तीन-तीन बंधांचे,
पंचाहत्तर झाले तरी ढिम्म.

तसा एकेक बंध म्हणजे काय?
भोवतालचं पाणीसुद्धा मध्ये हात घालतं,
म्हणतं, मलाच धर की.

रविवारी आप्पांना सांगितलं हे,
सुभाषनगरात, ते तळाला वादी ओवत होते.
दोन आणि तीन, बोटांवर दाखवलं.
मान वर न करता म्हणाले,
"टाकं मोजतीस व्हय?
टाका जोडी चुकू देत न्हाई, एवढंच.
चप्पल टिकती ती चामड्यावर चामडं बसल्यानं."

मी गप्प.
पुस्तकात हे पुढच्या पानावर होतं,
परीक्षेला नसलेलं:
पायऱ्या एकमेकींवर रेलतात,
जिन्याचा बराचसा भार त्या रेलण्यावरच.

एक्क्याऐंशी. दुसरी रेघही उठली.
आता उलटं, सावकाश गार करायचं.
घाई केली तर भलत्याच जागी जुळतात,
अर्धवट, आणि तशीच अडकून राहतात.

सत्तर. पासष्ट. रेघ खाली येतेय.
व्हरांड्यात लांबून करकर, करकर.
चहा मिळाला असावा.
पायात आप्पांच्या हातची जोडी आहे,
डावीचा आवाज जरा जाड.