पायपेटी

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी तांबळडेगला वाळूच्या वाटेने जाते.
पिशवीत प्रेशरचं मशीन, वजनकाटा, नोंदवही
आणि कुणी न मागितलेले सल्ले.

भिसाजी मेस्त्री पडवीत असतात,
पाय बाकावर ठेवून.
आधी पाय बघायचे, हे आम्हाला शिकवलंय:
नडगीवर अंगठा दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचा.
खड्डा राहतो.
ओल्या वाळूतल्या पावलासारखा
सावकाश भरत जातो.

कणकवलीच्या डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर
चित्र काढलं होतं:
हा भाता. थकलाय. शंभरातलं पस्तीसच बाहेर टाकतो.
मीठ कमी, पाणी मापून,
पाणी काढायची गोळी सकाळी.
आणि पेन खिशाला लावता लावता,
संथ काहीतरी ऐकत जा, आजोबा.
नाडी उतरते त्याने, मन निवतं.
गोळ्यांच्या बदल्यात नाही हां. गोळ्यांसोबत.

भिसाजी हसले होते, खोकला येईस्तोवर.
चाळीस वर्षं दशावतारात पायपेटी वाजवली या माणसाने.
राक्षस शिरताना भाता कसा हाणायचा,
राणी रडताना कसा रोखायचा,
पहाटे साडेचारला, अर्धं गाव मांडवात आडवं झाल्यावर
नुसतं स्वतःसाठी काय वाजवायचं,
सगळं पायांना पाठ.
"माका ऐकाक सांगतत," म्हणाले,
"माका!"

पेटी आतल्या खोलीत, सोडणांच्या ढिगामागे.
द्वारकाबाई तिच्यावरचं फडकं धुऊन परत घालतात,
उघडत नाहीत.
तिला पाय लागतात
आणि पाय तर असे.

गेल्या मंगळवारी मशीन म्हणालं
एकशे अठ्ठावन्न. नाडी एकशे चार.
मी पट्टा पुन्हा बांधायला घेतला, तर
"ता ऱ्हवांदे गो. आदी पेटी भायर काढ."
आम्ही दोघींनी ती ओढत आणली.
एक झुरळ पळालं, एक जुनं तिकीट निघालं.
"चपला काढ. बस."
पेटीसमोर मी,
बाजूच्या खुर्चीत ते, हात लांब करून.
"भातो ढिलो झालो माझो. पट्टये शाबूत आसत."

माझे पाय धावत सुटले.
तीन महिन्यांचं थकलेलं मानधन, पोराची फी,
खालच्या वाडीतली आठव्या महिन्यातली सून,
सगळं पायांत उतरलं, आणि सूर
तापातल्या पोरासारखा कण्हत राहिला.
"धावतंस खय? वल्ह्याक काय घाई असता?"
मग उजवा.
मग डावा.
मधे थोडं काहीच नाही.
तेव्हा कुठे तो एक सूर सरळ उभा राहिला
आणि त्याच्या मागून दुसरा, न विचारता.

काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही,
मला रागातलं कळत नाही.
विळीवर नारळ खवण्याचा आवाज थांबला होता
एवढं कळलं.
आणि त्यांच्या मानेवरची शीर,
जी मी आल्यापासून उडत होती,
ती आता शोधावी लागत होती.

वीस मिनिटांनी एकशे छत्तीस. नाडी अठ्ठ्याऐंशी.
कदाचित गोळीची वेळ झाली असेल.
कदाचित नुसतं बसल्याने.
उपायाच्या रकान्यात जागा अर्धा इंच,
तिथे गोळ्यांची नावंच कशीबशी मावतात.
नडगीवर अंगठा दाबून पाहिला:
खड्डा होता तिथेच. तो सुराने भरत नाही.
हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं.

आवरायला लागले तर म्हणाले,
"आता तुझा बघ."
सहा वर्षं मी हा पट्टा
वाडीभर लोकांच्या दंडाला बांधतेय.
माझ्या दंडाला तो थंड लागला.
आकडा सांगत नाही.
त्यांनी चष्म्याशिवाय, वाकून वाचला,
आणि पट्ट्यांवर अर्धं घातलेलं फडकं
परत काढून
मांडीवर ठेवलं.