एका धड्याने पुढे

खाण बंद पडली तेव्हा घरात उरली होती
ट्रकच्या फेऱ्यांची तीन कोरी पावतीबुकं.
त्या पावत्यांच्या पाठीवर आता शब्द लिहितो,
मैद्याची खळ करून घरभर चिकटवतो.
दारावर पोर्ता. कळशीवर आग्वा.
आमसोलांच्या बरणीला शब्द सापडलेला नाही.

मुलांना वाटतं, बाबाला येते ही भाषा.
बाबाला येतो फक्त उद्याचा धडा,
मुलं निजल्यावर न्हाणीघरात बसून घोकलेला,
बादलीला ऐकवलेला.

दुर्वा आठ वर्षांची. तिला फसवता येत नाही.
मी चमचा उचलतो : कुल्येर.
ती म्हणते, कुलेर.
मी खिडकीकडे बोट करतो : जनेला.
जनेल.
साबणापाशी येईतो तिने वही मिटलेली असते.
"बाबा, हे सगळं आपल्याच घरातलं.
परदेशातलं शिकव ना."

फोनमधली बाई शिकवते : बदक दूध पितं.
बदक दूध पीत नाही, म्हणतो मंथन, वय वर्षं पाच,
आणि डिचोलीपुरतं तरी त्याचं बरोबर आहे.
मी पुढचे धडे चाळतो.
मला शू आली,
हे मला खेळायला घेत नाहीत,
आई रात्रपाळीला गेली आहे, भात झाकून ठेवलाय :
ही वाक्यं दहाव्या धड्यापर्यंत कुठेच नाहीत.

सुलक्षा तिकडे सेतुबालला,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना अंघोळ घालते.
कागद झाले की बोलावते, म्हणते.
कागद होताहेत. दीड वर्ष होताहेत.

परवा लपाछपीत मंथनवर राज्य आलं.
भिंतीला डोळे लावून त्याने सुरू केलं :
उं, दोइस, त्रेस, क्वात्रु, सिंकु,
आणि मग, स, सात, आठ.
दोन दिवसांत गल्लीतली सगळी पोरं तसंच मोजू लागली,
नाईकांचा तोतरा शिवमसुद्धा,
आणि मोजताना तो अडखळला नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या सोप्यावरून काठी आपटली.
"त्रेस न्हय रे भुरग्या. त्रेश!"
कुष्टाबाब. वय त्र्याऐंशी.
त्यांच्या तोंडून हे कुणीच कधी ऐकलं नव्हतं.
प्रिमेर ग्रावच्या वर्गात एका चुकीला एक छडी,
तळहात उलटा धरून;
एकसष्टचा डिसेंबर उजाडला तेव्हा
शिवापाणी सोडावं तशी सोडली होती ती भाषा.
हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं.
ते स्वतः एवढंच म्हणाले,
"हांव शिकयना कोणाक.
चूक मात्र ऐकवत नाही."

तेव्हापासून आमच्या ओसरीवर धडा चालतो
आणि रस्त्यापलीकडून छडीशिवायची दुरुस्ती येते.
मीही आता जरा मोठ्याने चुकतो.

खळीला मुंग्या लागतात, चिठ्ठ्या गळतात.
मंथन त्या गोळा करून पुन्हा लावतो, वाचता येत नसताना.
त्यामुळे देव्हाऱ्यावर सध्या मेज़ा आहे
आणि मेजावर साल, म्हणजे मीठ.

काल रात्री फोन आला. तिकडे अजून ऊन होतं.
मंथनने दहापर्यंत मोजून दाखवलं, सगळं त्याच भाषेत.
सुलक्षा हसली, मग हसायची थांबली.
"त्रेश म्हणतोय गो हा. कोणी शिकवलं?"
मंथनने दार दाखवलं. दारापलीकडे अंधार,
अंधारात कुणीतरी खोकलं.

सकाळी आरशात पाहिलं,
बनियनवर छातीशी चिठ्ठी. अक्षरं उलटी.
सावकाश वाचली : आग्वा.
काढली नाही.
तसाच गेलो दूध आणायला.