डावा खांदा

हिंदमाताच्या मागे, आमच्या ड्रेसवाल्याच्या पोटमाळ्यावर
मापांची वही आहे, लाल कापडी बांधणीची.
पान सत्तेचाळीस : तोरसकर वसंत.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली.
शेरा : हवालदार, मागची रांग. नावाची पट्टी नको.

"पट्टी का नको, मास्तर?"
तोंडात टाचण्या होत्या माझ्या.
तशातच म्हणालो, कॅमेरा तिथवर येत नाही.

खांद्याचं मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं :
ससून डॉकला बर्फाच्या लाद्या, वयाच्या बाराव्या वर्षापासून.
मी डाव्या बाजूला कापूस भरला,
वरून दोन टाके.

पुढं तो विशालकुमार झाला.
जुनं नाव मी खोडलं नाही, नवं वर बारीक लिहिलं.
छाती चाळीस,
त्यातला एक इंच रोखलेला श्वास. टेपला कळतं.
आता पितळी पट्टी, खांद्यावर तीन तारे,
आणि मढच्या बंगल्यात मारामारीत फाटायचा म्हणून
एकाच शर्टाचे सात जोड.
सातही जोडांत कापूस.

मग पांढरा सूट, खिसा खोल, पिस्तूल मावेल असा.
मग मुलीच्या बापाचे कुर्ते. मग जज्जाचा झगा,
त्याला माप लागत नाही.
मग काही वर्षं पानच कोरं.
मधे एकदा ड्रायव्हर येऊन
जुना सूट कंबरेला सैल करून घेऊन गेला,
कुणाच्या तरी लग्नात रिबन कापायची होती म्हणे.

परवा तो स्वतः जिना चढून आला, मधे दोनदा थांबत.
वेब सिरीज आहे. रिटायर होणारा हवालदार.
मी सवयीनं कापसाचा पुडा ओढला.
"राहू दे, मास्तर. या वेळी नको."

शूटिंगला मी गेलो होतो, फिल्मसिटीत, बटण तुटलं तर म्हणून.
पोरसवदा दिग्दर्शक मॉनिटरला नाक लावून म्हणाला,
"सर, खांदा काय पकडलाय! कुठून आणलात?"
तो काही बोलला नाही.
माझ्याकडं मात्र त्यानं बघितलं,
आणि चहा मागवला, दोन.

वहीत लिहिलं :
कंबर अडतीस. कापूस नाही.
तीन दिवसांचं भाडं यायचंय.