पोकळी क्रमांक चार

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
आता जिथे कॅन्टीन आहे तिथे पूर्वी टूलरूम होती;
लेथचे चार बोल्ट फरशीतून अजून डोकं वर काढून आहेत,
नवी पोरं ताट घेऊन त्यांना ठेचकाळतात.

तिसऱ्या मजल्यावर मी लायब्ररी लिहितो.
म्हणजे लिहीत नाही खरं तर.
मी तो कोड लिहितो, जो कोड लिहितो.
माझी एक ओळ: या रचनेची तुलना करता यावी.
कंपायलर निमूटपणे चौदाशे फंक्शनं पाडून ठेवतो,
एकही माझ्या हातची नाही,
एकही कुठल्या फाइलीत नाही.
मला याचा माज होता, सांगून टाकतो.

मंगळवारी घणसोलीहून यामिनी केणीचा फोन.
"सर, तुमचं ते तुलनेचं फंक्शन कुठंय?"
कुठेच नसतं, म्हटलं, ते ऐनवेळी होतं.
"मग मी ब्रेकपॉइंट कुठे लावू?"

तिच्या पडद्यावर तीनशे चाळीस ओळींची चूक,
साच्यात साचा, त्याच्या पोटात साचा,
कंसांची उतरंड.
तिने साधा स्वल्पविरामही चुकवला नव्हता.
माझंच बिल तिच्या नावावर फाटलेलं.

चहाला उतरलो तर चुरीकाका,
आता गेटवर, तेव्हा याच जागेत डाय-फिटर.
ऐकून घेतलं. कळलं किती, देव जाणे.
टेबलावरचं बाटलीचं झाकण उलटं करून
त्यांनी उजेडाकडे धरलं:
आत, मुगाच्या दाण्याएवढा, ४.

"एका शॉटला आठ पडतात.
एखादं गळकं निघालं
तर पोकळी कुठली, कळायला नको?
आकडा आधी कोरायचा.
पॉलिश नंतर."

तीन वर्षं मी पॉलिशच करत होतो.

त्या रात्री प्रत्येक पाडलेल्या फंक्शनात कोरलं
कुणी मागितलं, कुठल्या ओळीवर.
तीनशे चाळीस ओळींच्या जागी एक वाक्य:
ग्राहकाची तुलना होत नाही,
कारण त्यातल्या पत्त्याची होत नाही. ओळ बावन्न.
दोन फंक्शनं साच्यातून काढून हाताने लिहिली;
दोन नगांसाठी कोण डाय बनवतो?
बिल्ड अकरा सेकंदांनी लांबला.
मॅनेजरने विचारलं, काय सुधारलं?
नीट सांगता आलं नाही.

यामिनीचा परत फोन नाही.
आमच्या धंद्यात दाद असते ती हीच.

हल्ली मी झाकणं उलटी करून बघतो.
काल ७ होता.