झाकणावर पाणी

धनकवडीच्या कोपऱ्यावरचा श्रावणघेवडा,
शिरा काढून, बोटाएवढा मोडलेला.
तेलात आलं, एकच बादफूल.
सोया सॉसची बाटली तळाला आलीय, उलटी धरून ठेवतो.

चंगचौला यंत्र बसवायला गेलो होतो,
तेव्हा कँटीनच्या हान मावशींनी दाखवलं होतं:
अर्धा रस्सा वाटीत काढ,
घेवड्यावर कच्चे नूडल्स पसर, मोकळे,
आणि झाकण.
भाषा नव्हतीच आमच्यात.
झाकणाकडे हात गेला की त्या हातावर चापट मारायच्या.

हेमलता डोकावते. "पाण्यात न बुडवता शिजतील?"
मी गप्प.
ती झाकण उलटं करते, खोलगट बाजू वर,
आणि त्यात तांब्याभर पाणी ओतते.
करपू नये म्हणून, म्हणते. माहेरची सवय.
हे हान मावशींनी नव्हतं सांगितलं.

वाफ कोंडते. चष्मा काढून ठेवतो.
मग राखलेला रस्सा कडेकडेने,
वरून कच्चा लसूण.

नूडल्स तांबूस, घेवड्याच्या वासाचे.
तळाला तरी थोडी खरवड धरलीच.
निघायच्या दिवशी
माझ्या डब्यात त्यांनी तीच भरली होती, खरडून.

सांगणार होतो हे.
पण उलथनं आधीच हेमलताच्या हातात.