तोंडदेखलं

अकरा वर्षं मी कालेवच्या डाव्या हाताला उभी राहिले,
पडद्यावर तळाशी, कोपऱ्यातल्या गोल खिडकीत.
काळा ब्लाउज, म्हणजे हात उठून दिसतात.
अंगठी घालायची नाही. नखं रंगवायची नाहीत.
तो बोलायचा, मी बहिऱ्यांना सांगायची.

ऐकू येणाऱ्यांना वाटतं, आमची भाषा हातांत असते.
हातांत शब्द असतात. व्याकरण चेहऱ्यावर.
भुवया उचलल्या की प्रश्न,
गाल फुगवले की पुष्कळ, ओठ आवळले की थोडं.
'मला दुःख झालं' हे नुसतं बोटांनी सांगितलं
तर किराण्याच्या यादीतली एक ओळ वाटते.
म्हणून मी चेहरा घालायची. पदरचा.

माणूस गोड. ड्रायव्हरच्या मुलीचा दमा त्याच्या लक्षात,
माझ्या आईची गुडघ्याची तारीख लक्षात.
खांद्यावर हात ठेवायचा तो चार सेकंद, मी मोजलेत,
मग लिफ्टच्या बटणावरून निघावं
तसं बोट निघायचं.

एकदा प्लोवदिवहून परतताना
त्यानं गाडीतच पेत्कोला नोकरीवरून काढलं.
पेत्को रडला, मागच्या सीटवर, फाइल मांडीवर धरून.
कालेव वळून बघत राहिला,
लहान मूल घड्याळ उघडून बघतं तसा.
रागावला नव्हता. खूशही नव्हता.
म्हणाला, "खालचा ओठ आधी थरथरतो, नाही का?"
बुधवारी, अनाथाश्रमाच्या उद्घाटनात,
त्याचा खालचा ओठ आधी थरथरला.

मग गोर्नो ब्रेझेचं धरण.
पाणी रात्री आलं. सायरन वाजला होता,
अहवालात तसं आहे.
स्तोयना आणि तिचा नवरा, दोघंही जन्मापासून बहिरे,
सायरनखाली झोपलेले.
सकाळी ती चिखलात उभी, पायांत दोन मापांचे गमबूट,
त्यातला मोठा त्याचा.

कालेव म्हणाला, "माझं काळीज तुमच्याबरोबर वाहून गेलं."
मी ते सांगितलं. माझे डोळे भरले.
खरे भरले, की अकरा वर्षांच्या सवयीनं,
देव जाणे, मी शोधलं नाही.
तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. बघायचं कशाला?
त्याचं बोलणं माझ्या तोंडावर होतं.
तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले,
आमच्यात हात धरणं म्हणजे तोंड दाबणं,
आणि मला बरं वाटलं, क्षणभर काही सांगावं लागलं नाही.

वसंतात निवडणूक. बहिऱ्यांच्या संघात एकमत:
"किती हळवा माणूस आहे."
आणि 'हळवा' ही खूण करताना
सभागृहातल्या दीडशे जणांनी
माझा चेहरा केला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या भाषणाला मी शब्द सगळे दिले, एकही गाळला नाही,
फक्त चेहरा त्याचाच ठेवला, जसा होता तसा.
पुसलेली पाटी.
दोनशे बारा तक्रारी आल्या.
'दुभाषी बाई दगडाच्या काळजाची आहे.
ते बिचारे रडताहेत, आणि हिला काहीच नाही.'

आता तिथे विलियाना असते. चोवीस वर्षांची, गालाला खळी.
माझ्यापेक्षा छान रडते.
मी घरी टीव्हीवरची गोल खिडकी तळहातानं झाकते
आणि उरलेल्याला बघते.

परवा स्तोयना आली होती, आलुबुखारचा मुरांबा घेऊन.
चहा झाल्यावर मी विचारलं:
तुला तेव्हा कळलं होतं? त्या सकाळी?
तिनं मान आडवी हलवली.
आमच्या देशात त्याचा अर्थ हो.

मग कप खाली ठेवला, माझ्याकडे बोट केलं,
आणि हातांनी पुढे काहीच म्हणाली नाही.
नुसत्या भुवया उचलल्या.