गाबोळीचा महिना

चाळीस हिवाळे मी कॉड चिरले.
पोटावर सुरी, आत अंगठा,
कलेजी एका टबात, गाबोळी दुसऱ्यात.
फेब्रुवारीतली मादी इतकी भरलेली
की गाबोळी हातात यायची
लोकरी हातमोज्यांच्या जोडीसारखी, दोन्ही एकत्र.

म्हणून ट्रॉम्सोच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर अंडाशय काढून दाखवले
तेव्हा मी म्हटलं, ओळखते यांना.
पुढचं त्या बोलल्या, मी पेन्सिलकडे बघत राहिले.

माझ्या आईचं पोट फाडलं त्या साली
पाच दिवस तिच्या ओठांना पाणी नव्हतं.
ओल्या फडक्याचं टोक चोखायची.
वारा सरला की मग पेज, असा तेव्हाचा कायदा.

मला पहाटेच उठवून
नर्स ओड्गुनने गोड पेयाचा पेला दिला.
"संपवा. उपाशीपोटी कोण डोंगर चढतं?"
आणि संध्याकाळी, भूल अजून डोळ्यांत असताना,
पाय खाटेखाली.
सहा पावलं. खिडकी.
समुद्र होता. माझ्या गावचा नव्हे, पण समुद्र.

मग च्युइंगगम.
"चघळा, आतड्यांना वाटू दे जेवण येतंय."
सदुसष्टाव्या वर्षी मी शाळकरी पोरासारखी
चघळत बसले, स्वतःच्याच आतड्यांना फसवत.

भूक मात्र आली नाही.
पोटात कावळे ओरडतात म्हणे.
माझे सगळे
कुठल्याशा ट्रॉलरमागे उडून गेले होते.

"भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा," ओड्गुन म्हणाली
आणि तक्ता टांगून गेली.
अर्धी वाटी दही. रेघ.
एक अंडं, दोनदा थांबून. रेघ.
तपकिरी चीजचा काप, तीन घास, मग तोंड बंद.
फॅक्टरीत पेट्या मोजायचे तशी मी
घास मोजू लागले. तिथे निदान पेटीमागे पैसे होते.

शेजारच्या रागन्फ्रिडने
प्रथिनांचं पेय फुलदाणीत ओतलं.
ट्यूलिप दुसऱ्या दिवशीच माना टाकून बसले.
ती हसली, टाके धरून, मग रडली,
मग दुसरा डबा मागून घेतला.

तिसऱ्या रात्री माझा वारा सरला.
ओड्गुनने वेळ लिहून ठेवली: दोन वाजून दहा.
माझ्या जन्माची वेळ कुणी लिहिली नव्हती.

पाचव्या दिवशी घर.
हाल्वारने कॉड उकडला होता, बाजूला कलेजी.
गाबोळी दिसेना.
महिना तर तिचाच.
बघितलं तर चुलीमागे, झाकणाखाली ठेवलेली,
आणि तो बटाटे सोलतोय, मान वर न करता.

आण, म्हटलं.

तीन आठवड्यांनी केमो. त्याआधी
दोन किलो परत मिळवायचे आहेत.
पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला,
दाणे जिभेवर सुटे होत.
गिळला.
मीठ कमी होतं. तसं सांगितलं त्याला.
मग पेन्सिल मागितली.